दोन वायरी, एकच वाट

सकाळपासून वायरवाल्या बाईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. डब्यात पोळ्या भरल्या आणि भाजी ओट्यावरच राहिली. "अगं, डोकं तरी बरोबर घेतलंस ना?" सासूबाईंनी दारातून विचारलं, तोवर त्या जिना उतरल्याही होत्या.

एका मोठ्या रुग्णालयातली कॉम्प्युटरची खोली त्या सांभाळत. तिथे तीन दणकट सर्व्हर, आणि एकेकाच्या पोटात दहा-दहा आभासी कॉम्प्युटर चालायचे. सगळ्यांचे एक्स-रे आणि रिपोर्ट मात्र कोपऱ्यातल्या एकाच साठवणपेटीत. प्रत्येक सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं, दोन वायरी थेट पेटीपर्यंत. तरी पेशंट वाढल्यापासून, महिनाभर, दहा वाजले की फोटो रखडायचे. "माझा चहा थंड होतो, पेशंट गरम होतो, फोटो काही येत नाही!" एक्स-रेवाले डॉक्टर रोज ओरडत. शेवटी काल मोठ्या डॉक्टरांनी बजावलं, "उद्या बारापर्यंत कारण सापडलं तर ठीक, नाहीतर ही खोली बाहेरच्या कंपनीकडे."

अकरा वर्षं जीव लावून सांभाळलेली खोली!

बाई उठत होत्या, बसत होत्या. सर्व्हरच्या मागे वाकून पाहिलं, तर सगळ्या वायरींचे दिवे हिरवेगार. परत खुर्चीत. मग एकेका कार्डावरून किती माल जातो त्याचे आकडे काढले. पहिलं कार्ड ओसंडून वाहत होतं, दुसऱ्यावर जवळजवळ शून्य. तिन्ही सर्व्हरवर तीच गत.

सेटिंग उघडलं आणि कारण समोरच दिसलं. ठरलेली एकच वाट. ती तुटली तरच दुसरी. तीन वर्षांपूर्वी पेटी बसवली तेव्हा पहिल्या दिवशी जोखीम नको म्हणून त्यांनी स्वतःच तसं ठेवलं होतं. नंतर बदलू म्हणाल्या आणि विसरल्या. मोठ्या डॉक्टरांना मात्र छातीठोक सांगून मोकळ्या, "दोन्हींवर भार वाटलाय."

देवाचं नाव घेऊन त्यांनी एक्स-रेच्या सर्व्हरवर 'आळीपाळीने' निवडलं. आकडे हलले, दोन्ही कार्डं बरोबरीला आली. लगेच फोन वाजला. "अहो, काय केलंत? बोट ठेवायच्या आत फोटो हजर!"

पाठोपाठ मोठे डॉक्टर खोलीत. "मी म्हणतच होतो, पेटीवाल्यांनीच घोळ घातलाय. आता चांगलं खरमरीत पत्र लिहितो त्यांना."

होकार अगदी ओठावर आला होता. बाईंनी तो गिळला.

"नका लिहू. घोळ माझा आहे. मीच एका वाटेवर ठेवलं, आणि तुम्हाला खोटं सांगितलं गेलं."

"तीन वर्षं?"

"तीन वर्षं."

"आणि एकदाही पाहिलं नाहीत?"

"दिवे लागलेले दिसत होते, त्यावरच विसंबून राहिले."

डॉक्टरांनी वाकून पडद्यावरचे आकडे पाहिले.

"दर सोमवारी हे आकडे घेऊन माझ्याकडे यायचं," ते अखेर म्हणाले.

"म्हणजे खोली..."

"बाहेरचा माणूस स्वतःची चूक अशी येऊन सांगेल का मला? उघडा दुसरा सर्व्हर. मी इथेच उभा आहे."

बाईंनी माऊस धरला. दुसऱ्या सर्व्हरवरही 'आळीपाळीने' निवडलं.