रेंडु म्हशी पाण्यात

सव्वीस पोरांना एका झटक्यात गप्प करणं सोपं नाही. लस टोचायला येणाऱ्या नर्सबाईंनाही ते कधी साधलं नव्हतं. अभिमन्यूनं ते एका स्पीकरच्या जोरावर करून दाखवलं, आणि वर त्याचा समज असा, की पोरं गाण्यात रंगून गेली.

गाणं मुळात मायाक्काबाईंचं. सोलापुरात, मागांच्या खडखडाटाला लागून असलेल्या एका गल्लीत त्या सत्तावीस वर्षं अंगणवाडी चालवतात. माहेर अक्कलकोटकडचं, मेंढरं राखणाऱ्यांचं. तिथं मेंढरांशी कानडी बोलायचं आणि मास्तरांशी मराठी. तेलुगू मात्र सासरच्या गल्लीनं शिकवली, न विचारता. त्यांचे वडील मेंढरं कधी मोजत नसत. संध्याकाळी कळपावरून नुसती नजर फिरवत आणि म्हणत, ती कानतुटकी कुठं दिसत नाही. बाईंची हजेरीही त्याच चालीची. पटावरचे आकडे साहेबांसाठी. स्वतःसाठी त्यांनी गाणं रचलं होतं; ज्या ओळीला ओळखीचा आवाज येत नसे, तिथलं कोण आलं नाही ते त्यांना कळे.

एक कोंबडा अंगणात,
रेंडु म्हशी पाण्यात,
मूरु शेळ्या रानात,
चार चिमण्या कानात.

एक हा मराठी पोरांचा, रेंडु म्हणजे दोन हा तेलुगूंचा, मूरु म्हणजे तीन हा कानडीवाल्यांचा. चार मराठीतही चार आणि दखनी उर्दूतही चारच, त्यामुळे त्यावरून रोज भांडण. चिमण्या कानात कशा शिरल्या, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

रेंडु गेले काही दिवस संस्कृती येमूलचा होता. घरी तेलुगू बोलणारी ही साडेतीन वर्षांची पोरगी अंगणवाडीत आली तेव्हापासून तीन महिने तोंडातून चकार शब्द काढत नव्हती. एके सकाळी बाई "एक कोंबडा" म्हणून दम घ्यायला थांबल्या आणि तेवढ्या फटीत ती म्हणाली, "रेंडु." बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत की तिला उचलून घेतलं नाही. गाणं तसंच पुढं नेलं. दुसऱ्या दिवसापासून त्या ओळीला बाई गप्प बसू लागल्या.

अभिमन्यू लग्नाकार्यात स्पीकर लावतो आणि उरलेल्या वेळात मोबाइलवर बघायच्या बालगीतांचा कार्यक्रम करतो. त्यानं गाणं मागितलं तेव्हा बाई म्हणाल्या, "घ्या की. गाणं काय झिजतंय व्हय?"

त्यानं ते नेलं आणि सुधारलं. रेंडुचे दोन केले, मूरुचे तीन, चिमण्या कानातून काढून झाडावर बसवल्या. पाचवीत तो वैरागहून शहरातल्या शाळेत आला, तेव्हा त्याच्या 'न्हाय'वर सगळा वर्ग हसला होता. तेव्हापासून शुद्ध बोलण्याच्या बाबतीत तो तापल्या तव्याजवळ वावरावं तसा वावरे. या पोरांचं पुढं हसं होऊ नये, एवढाच त्याचा हेतू.

त्यानं अंगणवाडीत आणून लावलेल्या स्पीकरमधून "दोन म्हशी" बाहेर पडल्या आणि पोरं गप्प झाली. संस्कृतीनं स्पीकरकडं पाहिलं, उठली, आणि दाराशी चपलांच्या ढिगाजवळ जाऊन बसली.

आठवड्यानं तो कौतुक ऐकायला आला तेव्हाही ती तिथंच होती. बाईंनी मटकी निवडता निवडता त्याला सगळं सांगितलं, आवाज न चढवता. ते त्याला जास्त लागलं. चॉकलेट आणू का, असं त्यानं विचारलं.

"तिचा शब्द तुमी न्हेला. त्यो चॉकलेटानं येत न्हाय," बाई म्हणाल्या. "बसा हितं. रेंडुची जागा रिकामी हाय."

तो मांडी घालून पोरांत बसला. पहिल्या फेरीला सवयीनं "दोन" म्हणाला. बाईंनी गाणं थांबवून पुन्हा कोंबड्यापासून धरलं. दुसऱ्या फेरीला तो घाबरला. तोंडात रेंडु होता, डोक्यात म्हशी होत्या, दोन्हींची धडक झाली आणि तो ठणठणीत आवाजात म्हणाला, "रेडा म्हशी पाण्यात."

पोरं सतरंजीवर लोळली. अभिमन्यूचे कान पाचवीतल्यासारखे तापले. पण हे हसणं तसलं नव्हतं. शेजारच्या, मूरु म्हणणाऱ्या पोरानं हसता हसता त्याच्या गुडघ्यावर डोकंच ठेवलं.

"कादु," चपलांच्या ढिगाकडून बारीक आवाज आला. तेलुगूत ते 'असं नाही.' संस्कृती हातात कुणाची तरी चप्पल घेऊन त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "रेंडु."

"रेंडु," तो म्हणाला.

"रेंडु," तिनं पुन्हा सांगितलं, ढ विद्यार्थ्याला सांगावं तसं, आणि त्याला ढकलून आपल्या जागेवर बसली.

बाईंनी याही वेळी टाळ्या वाजवल्या नाहीत. मूरु शेळ्या रानात गेल्या.

निघताना अभिमन्यू बराच वेळ दारात चप्पल शोधत रेंगाळला. त्याची एक संस्कृतीकडंच राहिली होती. सुधारलेलं गाणं पुसून टाकतो, असं त्यानं आपणहून कबूल केलं. मग धीर करून म्हणाला, "बाई, खरं सांगा. मी चुकावं म्हणून मला मुद्दाम तिथं बसवलंत ना?"

बाईंनी मटकीतला खडा बाहेर फेकला. "तुमाला चुकवायला मुद्दाम काय करावं लागतंय व्हय?"