पाण्यावरचा कॉम्प्युटर

दुपारी घरात कुणी नसलं की मला अजून पेला वाजलेला ऐकू येतो. स्टीलचा पेला, खाटेच्या लोखंडी दांड्यावर. मी उठून पलीकडच्या खोलीत जातो. खाट केव्हाच काढून टाकली आहे, हे मला माहीत असतं, तरी जातो.

तेव्हा मी जुन्नरला घरीच कॉम्प्युटरवर लग्नपत्रिकांची अक्षरजुळणी करायचो. बायको शाळेत शिकवायची, त्यामुळे दुपारी घरात आम्ही दोघंच, मी आणि माझे वडील. खुब्याचं हाड मोडल्यावर मी त्यांना गावाहून, निमगाव साव्याहून, आणलं होतं. दम्यानं त्यांचा आवाज पार बसला होता. काही लागलं की ते पेला वाजवायचे.

आणि माझ्या कॉम्प्युटरचा पंखा म्हणजे पिठाची गिरणी! ऐन लग्नसराईत, उन्हाच्या तावात, तो असा घोंघावायचा की दाराची कडी ऐकू येत नसे. एका दुपारी उठून पाहतो तर वडील फरशीवर. तांब्यापर्यंत हात पोचवायला गेले आणि पडले.

"लई वाजावलं रं," ते म्हणाले. "पर तुझ्या मशीनपुढं ऐकू येतंय व्हय?"

रागावले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मी त्या पंख्यावर डूख धरला. सायबर कॅफेत बसून वाचलं की कॉम्प्युटर पाण्यानंही थंड ठेवता येतो, आणि मग आवाज जवळजवळ उरत नाही. तयार संचाची किंमत पाहून हात जोडले आणि एकेक वस्तू हुडकायला लागलो.

ते दिवस मात्र मजेत गेले. वडिलांनी जन्मभर विहिरीवरची इंजिनं चालवलेली, त्यामुळे मी आणीन ती वस्तू आधी त्यांच्या खाटेवर जायची. फिरून तापलेलं पाणी निववायला भंगारातून जुन्या जीपच्या हीटरची जाळी आणली. पहिली ॲल्युमिनियमची निघाली, ती परत केली, कारण तांब्याबरोबर एकाच पाण्यात ॲल्युमिनियम सडतं. दुसरी तांब्या-पितळेची मिळाली. प्रोसेसरवर बसवायचा तांब्याचा ठोकळा बाजारातल्या एका कारागीर चाचांनी आतून चर पाडून दिला. नळी गवंड्यांची, लेव्हल बघायची, आतलं पाणी दिसणारी. पंप मी चांगला दांडगा घेणार होतो. वडिलांनी मोडता घातला.

"एवढ्याशा चारीला पाच हॉर्सपावर कशाला? पानी फिरलं म्हंजे झालं. जोर आला का आवाज आला."

त्यांचंच खरं होतं. माशांच्या टाकीतला छोटा पंप आणून बरणीत बुडवला, बरणीखाली स्पंज घातला. जाळीला एकच मोठा पंखा, कमी व्होल्टवर सावकाश फिरणारा. कुठं गळतंय का बघायला सगळं दिवसभर वर्तमानपत्रावर ठेवून पाणी फिरवून पाहिलं. कागद कोरडा राहिला.

बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर भरून मी बरणीला झाकण लावणार, तेवढ्यात वडिलांनी थांबवलं. "नव्या पान्याला हळद-कुकू न्हाई वाहायचं?"

गावी नवं इंजिन बसलं की पहिल्या पाण्यात ते चिमूटभर हळद-कुंकू सोडायचे. इथं ते चरांत अडकणार, हे मला कळत होतं. पण कोणत्या तोंडानं नाही म्हणणार? बरणी खाटेजवळ नेली. नळीतून तांबूस पाणी फिरायला लागलं आणि घर इतकं शांत झालं की वडिलांचा श्वास माझ्या खुर्चीपर्यंत ऐकू आला.

"आता वाजावलं का येशील," ते म्हणाले.

"पहिल्या ठोक्याला, आबा."

महिना-दीड महिना आलोही.

मग एका दुपारी एक पत्रिका लगेच छापायला द्यायची होती. पेला वाजला. अगदी स्पष्ट. "आलो आलो," म्हणालो आणि निमंत्रकांत राहिलेलं एक नाव घातलं. पुन्हा वाजला, जरा हळू. "आलो म्हटलं ना!" मी खेकसलो. मग नवरीच्या नावाचं अक्षर थोडं मोठं केलं. तिसऱ्यांदा वाजला नाही, म्हणून उठलो. पेला त्यांच्या हातातच होता. ते गेले होते.

गावाहून चुलते आले. पंख्याचं गाऱ्हाणं त्यांनी पूर्वी ऐकलेलं. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "त्या मशीनच्या आवाजात तुला तरी कसं ऐकू यावं, पोरा?"

मी मान हलवली. हो म्हणालो.

पुढं कुंकू चरांत बसलं आणि ठोकळा तापायला लागला. उघडून धुतला असता तर चालला असता. मी नाही धुतला. खरं म्हणजे मला ती शांतता नको होती. सगळं पाणी तुळशीत ओतलं आणि जुना पंखा परत बसवला. तो पूर्वीसारखाच घोंघावायला लागला.

त्याच दुपारी त्या घोंघाटातून पेला वाजला. स्पष्ट ऐकू आला. तेव्हापासून एकच गोष्ट मनातून जात नाही. वडील फरशीवर पडले त्या दुपारी मला पेला खरंच ऐकू आला नव्हता का?