पिशवी कोणी बांधली

चहा घेण्याआधी ते कपाच्या तळाशी बघायचे. खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवून ते उजेडात धरायचे. हात टॉवेलला पुसायचे नाहीत, सूत लागतं म्हणून. विमान गेलं तरी मान वर करायचे नाहीत.

ही शेवटची सवय लोकांना खुपायची. विमानं आभाळात पांढऱ्या रेघा सोडतात, ते विषच असतं, असं त्यांना वाटायचं.

इमारतीत सगळे त्यांना हवामामा म्हणायचे. सरकारच्या हवा तपासणाऱ्या खात्यात होते. आमच्या गच्चीवर त्यांचं यंत्र होतं. ते दिवसभर पांढऱ्या कागदातून हवा ओढायचं. कागद जितका जड होईल, तितकी हवेत धूळ.

त्यांच्या थोरल्या बहिणीला दमा होता. दोघं एकत्रच राहायची.

"विमानं रेघा ओढून जातात, की माझा दमा उठतो," आक्का म्हणायची. "तू ओढ सरकारची री."

"आक्का, वाफ आहे ती. थंडीत तोंडातून निघते तशी."

"माझी लगेच विरते. ती तासभर कशी राहते रे?"

"वर गारठा जास्त."

"खाल्ल्या मिठाला जागताय, मामा," सेक्रेटरी हसले.

मामा चिडले. "उद्या तुमच्यासमोर कागद घालतो. रेघांतून काही खाली पडत असेल, तर त्यावर दिसेल. राखणही तुम्हीच करा."

सगळ्यांनी पाळ्या लावल्या. आक्काचीही पाळी होती. त्या दिवशी मी सात रेघा मोजल्या. दुसऱ्या दिवशी यंत्र उघडलं, तर कागद कोरा.

"धुतल्या तांदळासारखा!" सेक्रेटरी ओरडले. "यंत्रच खोटं!"

मामांनी मोटरला हात लावला. ती जळाली होती. मागच्या बाजूला, हवा आत शिरते त्या फटीवर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधलेली होती. मामांनी गाठ पाहिली, मग आक्काकडे.

"कोणी आत काही घालू नये म्हणून बांधली रे," ती मला जिन्यात म्हणाली. "मला काय ठाऊक, यंत्र गुदमरेल?"

यंत्र जळाल्याचा खुलासा मागणारी खात्याची नोटीस आली. साहेब फोनवर म्हणाले, "नाव लिहा, तुम्ही सुटाल. बाकीचं पोलीस बघतील."

मामा माझ्याकडे आले. "तू साहित्य शिकलास. खुलासा सरळ भाषेत लिहून दे." ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. पिशवीपाशी ते थांबले.

"आलोच," म्हणाले.

आले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. आठवड्यात दोघं घर सोडून गेली. सेक्रेटरी म्हणतात, कुठेतरी पाणी मुरत होतं. मी अजून कुणाला काही सांगितलेलं नाही.

खुलासा माझ्या टेबलावर आहे. शेवटची ओळ अशी: 'सदर यंत्रावर पिशवी बांधणारी व्यक्ती म्हणजे'