खुर्ची ओढणारं भूत

टीव्हीसाठी काढलेल्या त्या सिनेमात पैशांची इतकी चणचण होती की भूतसुद्धा घरचंच वापरावं लागलं. ठरवलेली नटी आली, शेतावरच्या त्या पडक्या घराचं न्हाणीघर तिने पाहिलं आणि आल्या गाडीने परत गेली. भुताचा पांढरा पायघोळ झगा मावशींनी शिवला होता आणि सगळ्या मंडळींत तो अंगाला बसेल अशा त्या एकट्याच होत्या.

मावशी कपडेपटाचं शिवणकाम करत. पन्नाशी उलटलेली, अंगाने काटकुळ्या. सगळा जन्म दुसऱ्यांच्या मापाचे कपडे शिवण्यात गेला. शाळेच्या नाटकात त्यांना कायम झाड करत, कारण आवाज पहिल्या रांगेपलीकडे पोचत नसे. भुताला बोलायचं नव्हतं. एकदा तरी लोकांनी आपल्याकडे बघावं, ही इच्छा त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवली नव्हती, पण विचारल्याबरोबर त्या हो म्हणाल्या.

पहिलाच प्रसंग स्वयंपाकघरातला. भुताने आत यायचं, लाकडी खुर्ची फरशीवरून करकरत ओढायची आणि बसायचं. मावशी आल्या, खुर्ची अलगद उचलली, आवाज न करता ठेवली आणि बसल्या.

"मावशी, ओढायची," दिग्दर्शक म्हणाला. तो त्यांच्या भाच्याच्या वयाचा होता. "भूत आहात तुम्ही. पाहुण्या नाही."

दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदा त्या मनाशी घोकत आल्या, तरी हातांनी ऐन वेळी दगा दिला. शिडीवरून लाइटवाला म्हणाला, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मावशींची तर मेल्यावरही जाईना."

सगळे हसले. दिग्दर्शक हसला नाही, कारण ऊन उतरत चाललं होतं. या वेळी जमलं नाही तर झगा उसवून लाइटवाल्याला घालायचा, असं त्याने सांगून टाकलं. लाइटवाल्याने आपल्या मिशांचं काय म्हणून विचारलं, तर त्या केसांच्या टोपाखाली झाकता येतील, असं दिग्दर्शक म्हणाला. तो थट्टा करत नव्हता.

मावशींचे वडील वर्तमानपत्राच्या छापखान्यात रात्रपाळीला होते. दिवसा ते आतल्या खोलीत झोपत आणि बाहेरच्या खोलीत या दोघी बहिणी वाढल्या. भांडं ठेवायचं ते फडक्यावर, कडी लावायची ती बोट मध्ये धरून, भांडायचं तेही खुणांनी. वडिलांनी कधी हात उगारला नाही. झोपमोड झाली की ते दार उघडून नुसते उभे राहत. ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती.

हे चारचौघांत सांगत बसण्यासारखं नव्हतं. मावशींनी एवढंच विचारलं, "किती जोरात?"

"घर जागं होईल इतक्या."

त्यांनी खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. दातांतून कळ जावी असा आवाज झाला. मग बसायचं सोडून त्या समोरच्या कोठीच्या बंद दाराकडे बघत उभ्या राहिल्या, बराच वेळ. दार काही उघडलं नाही. तेव्हा कुठे त्या बसल्या.

भूतच घाबरलं तर लोकांनी कुणाला घाबरायचं, म्हणून दिग्दर्शक कुरकुरला. पण पुन्हा करायला उजेड उरला नव्हता. प्रसंग तसाच राहिला आणि झगा मावशींकडेच.

सिनेमा एका दुपारी लागला. तो यथातथाच होता. वटवाघळांच्या दोऱ्या दिसत होत्या. खुर्चीच्या प्रसंगानंतर मात्र मावशींकडे सिनेमा बघायला जमलेल्या शेजारच्या बायका त्या दारामागे कोण होतं, यावर वाद घालत राहिल्या. सिनेमात ते कुठेच सांगितलं नव्हतं. शेवटी नावं आली ती इतक्या भरभर सरकली की मावशींना आपलं सापडलं नाही.

भुताचं काम केल्याचं त्यांनी परगावच्या थोरल्या बहिणीलाही कळवलं नव्हतं. सिनेमा संपतो न संपतो तोच तिचा फोन आला.

"ती तू होतीस ना गं?"

"चेहरा कुठे दिसत होता?"

"चेहऱ्याचं कोण बोलतंय? तू खुर्ची ओढलीस आणि इथे मी आमच्या झोपायच्या खोलीकडे बघितलं." बहीण हळूच बोलत होती, नेहमीसारखी. "आमचे हे विचारत होते, काय दिसलं म्हणून. काय सांगणार?"