मिलिंदचं ‘नाही’

मिलिंदने शेवटचा फोन मलाच केला. रविवारची सकाळ होती. त्याची बायको शिल्पा लेकीला पोहण्याच्या क्लासला घेऊन गेली होती आणि तो योकोहामाच्या घरात एकटाच होता. ‘‘काकू, छातीत दुखतंय. अ‍ॅम्ब्युलन्सला जपानीत काय सांगायचं असतं?’’ बँकेतलं एखादं काम विचारावं इतक्या शांतपणे त्याने विचारलं. मी त्याला दाराची कडी काढून खाली बसायला सांगितलं, अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली आणि टॅक्सी करून थेट हॉस्पिटल गाठलं. दोन दिवसांनी तो गेला. चाळिशी नुकतीच उलटली होती.

ईशान, मृणाल, तुमच्या आईने तुम्हाला फोनवर ‘हार्ट अटॅक’ एवढंच सांगितलं. ते खोटं नाही, पण पुरतंही नाही. तुम्ही दोघं आता कॉलेजात आहात, तेव्हा आजीने सरळ लिहायला हरकत नाही. शिल्पाला विचारलं तर ती म्हणाली, ‘‘लिहा काकू. आणि पेपरातही द्या. लपवण्यातच गेला तो.’’ म्हणून क्रमाने सांगते.

तुमच्या आजोबांच्या नोकरीमुळे मी इथे आले तेव्हा मराठी बोलायला शेजारी तर सोडाच, अख्ख्या शहरात दोन घरं मिळायची नाहीत. मग दोन हजार सालानंतर कॉम्प्युटरवाली मंडळी येऊ लागली, आणि आजोबा गेल्यावर एकट्या पडलेल्या माझ्याकडे रविवारी चपला ठेवायला जागा पुरेना. त्यातलाच मिलिंद. टोकियोत तोयोसुच्या एका ऑफिसात होता. तुमच्या सुट्टीत त्यानेच तुम्हाला इथला कचरा वेगळा करायला शिकवलं होतं. बाटलीचं झाकण वेगळं, लेबल वेगळं, बाटली धुऊन वेगळी. ‘‘इथे बाटलीलासुद्धा आंघोळ घालून निरोप देतात,’’ असं म्हणाला तेव्हा तुम्ही किती हसला होता... स्टेशनवरच्या घोषणांची नक्कल तर तो अशी हुबेहूब करायचा, की मी एकदा खरोखरच दाराकडे सरकले होते. पण नक्कल वेगळी आणि भाषा वेगळी. ऑफिसात इंग्रजीवर भागायचं, दुकानात बोट दाखवून. डॉक्टरकडे मात्र काकू लागायच्या.

हे फक्त त्याचंच नव्हतं. दाढेपासून बाळंतपणापर्यंत सगळ्यांची दुखणी मीच जपानीत सांगितली आहेत. लोक मला वाकून नमस्कार करायचे आणि मग तपासणीच्या पडद्याआड माझ्यासमोर शर्ट काढायचे. मिलिंदला मधुमेह निघाला तेव्हाही मीच बरोबर होते. ‘‘काकूंना आमची पत्रिका नाही, पण साखर पाठ असते,’’ म्हणायचा. त्या वेळी डॉक्टरांनी विचारलं होतं, आणखी काही तक्रार आहे का, मधुमेहात काही पुरुषांना वैवाहिक आयुष्यात त्रास होतो. मी तसंच मराठीत विचारलं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाला, नाही.

त्या रविवारी इमर्जन्सीत डॉक्टर तरुण होते. त्यांनी छातीला पट्ट्या लावून हृदयाचा आलेख काढला आणि औषध देण्याआधी मला एक प्रश्न विचारायला सांगितला. कालपरवात यांनी लैंगिक दुर्बलतेची गोळी घेतली आहे का? हा प्रश्न छातीत दुखणाऱ्या प्रत्येक पुरुषाला विचारतात, हेही सांगा, म्हणाले. मी सगळं सांगितलं, शब्द न गाळता. तसल्या वेळी आडपडदा ठेवणं मला पटत नाही. मिलिंदने घामाने भिजलेल्या चेहऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि तशातही हसला. ‘‘काहीतरीच काय विचारता, काकू. नाही.’’ मी डॉक्टरांना ‘नाही’ सांगितलं. त्यांनी जिभेखाली औषध दिलं. थोड्याच वेळात त्याचा रक्तदाब असा कोसळला, की मला बाहेर पाठवून सात-आठ माणसं आत धावली.

दुसऱ्या दिवशी शिल्पाला त्याच्या ऑफिसच्या बॅगेत पाकीट मिळालं. हिरवी पानं छापलेलं, ‘पूर्ण नैसर्गिक, आयुर्वेदिक’ असं इंग्रजीत लिहिलेलं, कुठे बनवलं त्याचा पत्ता नाही. इंटरनेटवरून मागवलेलं. पाकिटावर आपल्याकडच्या मुळ्यांची नावं होती, अश्वगंधा वगैरे, आणि त्यामुळेच त्याला ते घरचं वाटलं असणार. आपल्याकडून येणाऱ्या प्रत्येकाच्या सामानात चूर्ण आणि गोळ्या असतातच, त्यातलंच एक. शनिवारी एक गोळी त्याने घेतली होती. उरलेल्यातली एक हॉस्पिटलने तपासायला पाठवली. पानामुळ्यांचा पत्ता नव्हता. लैंगिक दुर्बलतेवर डॉक्टर चिठ्ठीवर देतात तेच रसायन होतं, आणि कुठलाही डॉक्टर देणार नाही इतकं. हे रसायन आणि छातीदुखीवरचं ते औषध, दोन्ही रक्तवाहिन्या सैल करतात. एकावर एक पडलं की रक्तदाब सावरत नाही. डॉक्टरांनी हेही प्रामाणिकपणे सांगितलं, की त्याच्या हृदयाची एक नळी आधीच जवळजवळ बंद होती, त्यामुळे तो वाचलाच असता असं ते म्हणू शकत नाहीत. पण ‘हो’ म्हणाला असता तर ते औषध दिलं नसतं.

शिल्पाने हे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘मला तरी सांगायचं ना.’’

मिलिंद खोटं बोलला का, यावर मी पुष्कळ विचार केला. आयुर्वेदिक गोळीला तो ‘तसली गोळी’ धरत नसेलही. पण त्याने उत्तर दिलं ते डॉक्टरांना नव्हे, मला दिलं, एवढं मला नक्की कळतं. तो नुसता लाजाळू नव्हता. इथे इलाज होता, औषध होतं, चांगले डॉक्टर होते. फक्त तिथवर जायची वाट त्याच्या आईच्या वयाच्या बाईवरून जात होती. इंटरनेटवर कोणी काही विचारत नाही. धोका नेमका तोच आहे, मुलांनो. कोणी काहीच विचारत नाही. तुला साखर आहे का, छातीत दुखतं का, दुसरं काय घेतोस, काही नाही.

गेल्या रविवारी कुलकर्णी आले. मिलिंदचे वरिष्ठ, पन्नाशीचे, गंभीर गृहस्थ. ऑफिसात सगळे त्यांना जपानी रीतीने, आदराने कुलकर्णीसान म्हणतात आणि ते शोभतंही. चहा निवेपर्यंत हवापाण्याचं बोलले. मग कपाकडे बघत म्हणाले, ‘‘वहिनी, ती साइट आमच्यात बऱ्याच जणांना माहीत आहे. मीही मागवलं होतं. बुधवारी डॉक्टरची वेळ घेतलीय.’’

मी म्हटलं, येते मी बरोबर.

‘‘तुम्ही नको,’’ ते म्हणाले. ‘‘राग मानू नका. मला फक्त त्या गोळीचं वाक्य जपानीत शिकवा. मीच बोलेन.’’

जेवणाच्या टेबलाशी भिंतीकडच्या खुर्चीत बसले होते. रविवारी मिलिंद तिथेच बसायचा; अजून कोणी त्या खुर्चीकडे सहसा जात नाही, त्यांना ते ठाऊक नसावं. मी वाक्य सावकाश म्हणून दाखवलं. त्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. तेव्हा मी कप उचलले, स्वयंपाकघरात गेले आणि त्यांच्याकडे पाठ करून नळ सोडला. जरा वेळाने मागून आवाज आला, अडखळत, अर्धाच.

‘‘शेवटचा शब्द नीट,’’ मी न वळता म्हटलं. ‘‘पुन्हा म्हणा.’’

मग मी नळ बंद केला. त्यांनी पुन्हा म्हटलं.