जाम आणि पेरूची जोडी

शाळेने मुलीला काढलं नाही. शाळा कधीच कोणाला काढत नाही. शाळा आईच्या हातात एक टाइप केलेला अर्ज देते, "मी स्वेच्छेने माझ्या पाल्याचा दाखला काढून नेत आहे," आणि खाली सहीसाठी रेघ मारून ठेवते. तो अर्ज मंगळवारी संध्याकाळी माझ्या हातात आला. शनिवारी सकाळी आईने सही करून तो द्यायचा होता.

मुलगी दुसरीत. आई नागपुरात धरमपेठेत तीन घरी स्वयंपाक करते. वस्तीतल्या विहारात मी संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेते, म्हणून ती अर्ज घेऊन आली.

"ताई, तिच्या डोक्यात काही शिरत नाही म्हणतात. तीनदा बोलावलं, तीनदा माझं काम बुडलं. करून टाकू का सही?"

"अजिबात नाही. कायदा आहे."

"कायदा तिले शिकवणार हाय का?"

कॉलेजात असल्यापासून मी पत्रकं लिहीत आले आहे. पत्रक लिहिताना समोरून कोणी विचारत नाही, हे त्याचं सुख.

मुलीची परीक्षा घेतली कशी, ते मी शोधून काढलं. कार्डांच्या खेळाने. नेटवरून उतरवायची आणि छापायची कार्डं. निम्म्यांवर चित्र, निम्म्यांवर शब्द. सगळी पालथी मांडायची, एका वेळी दोन उलटायची. चित्राला त्याचा शब्द सापडला की जोडी तुमची, नाहीतर दोन्ही जागच्या जागी परत. याला शाळा हसतखेळत मूल्यमापन म्हणते. हसलं कोण, ते विचारू नका. मुलीच्या जोड्या फारशा लागल्या नाहीत आणि शेऱ्यात "गतिमंद" हा शब्द आला.

वर्गाच्या बाईंनी पालकांच्या ग्रुपवर तोच संच टाकला होता. मी तो छापून आणला. कागद इतका पातळ, की पाठीमागून चित्र दिसायचं. म्हणून आमच्या मोर्च्यांतल्या जुन्या पोस्टरांच्या जाड कागदावर चिकटवला, तर पोरं पाठीवरच्या घोषणा-चित्रांवरूनच कार्ड ओळखायला लागली. "ते अर्ध्या मुठीचं उचल, त्यात आलू हाय!" मग सगळ्यांवर खाकी कागद लावला. बुधवार त्यातच गेला.

गुरुवारी खेळायला बसवलं. मुलीला जागा पाठ राहत होत्या, माझ्यापेक्षा चांगल्या. तिने एका फळाचं चित्र उलटलं. मग तिसऱ्या रांगेतलं एक कार्ड उलटलं आणि ओठ हलवत वाचलं, "पे... रू." बरोबर वाचलं! तिने दोन्हींकडे पाहिलं आणि दोन्ही पुन्हा पालथी घातली. शेजारच्या मुलीने झडप घातली, "जोडी!"

"अगं, समोर होती ना! काहून ठेवली खाली?" मी ओरडले. ती आक्रसून बसली.

पुढे कोथिंबिरीचं तेच झालं. इथे खरं सांगते. त्या पंधरा मिनिटांत मलाही वाटलं, की शाळा बरोबर असेल. मनातल्या मनात मीही त्या रेघेवर सही करून बसले होते.

सगळी मुलं गेल्यावर ते चित्र तिच्यापुढे धरलं. "हे काय आहे?"

"जाम."

"आणि पेरू म्हणजे?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मलाच काही येत नाही. "आजोबा म्हणते ना. उद्या धुऱ्यावर तूर पेरू."

आजोबांचं शेत कुही गावाकडे. पोरगी बांधावर तूर पेरणाऱ्या माणसाचं चित्र शोधून राहिली होती! पेरूच्या फळाला आमच्याकडे जामच म्हणतात. आणि कोथिंबिरीला ती सांबार म्हणते. मीही म्हणते. माझी आई म्हणते, भाजीवाली म्हणते, अख्खं नागपूर म्हणतं. फक्त लिहायला बसलो की आम्ही सगळे कोथिंबीर लिहितो. चित्र आमच्या बाजारातलं, शब्द पुण्याचा आणि नापास आमची पोरगी.

शुक्रवारी मी पत्रक लिहून काढलं. आईने ते उभ्या उभ्या ऐकलं.

"चांगलं लिहिलं. पण पत्रक वाटू नका ताई. तिले त्याच बाईंच्या पुढ्यात बसाचं हाय वर्षभर."

शनिवारी मुख्याध्यापिकांच्या खोलीत आम्ही तिघी आणि वर्गशिक्षिका.

"अर्ज आणला?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"आधी एक डाव खेळवा. तुमचीच कार्डं घ्या," मी म्हटलं.

"आपण कोण?"

"शिकवते हिला."

"मी चार वेळा खेळवून पाहिलंय, मॅडम," वर्गशिक्षिका म्हणाल्या. तरी त्यांनी कार्डं मांडली. मुलगी हात मांडीत दाबून बसली. मुख्याध्यापिकांचं पेन टेबलावर टकटक वाजत होतं. आई अर्जाची घडी घालत होती, उलगडत होती.

शेवटी मुलीने एक कार्ड उलटलं. गाय. परत ठेवलं. मग बऱ्याच उलटापालटीनंतर फळ आलं, आणि लगेच दुसऱ्या हाताखाली शब्द. "पेरू," ती वाचून मोकळी झाली. आणि दोन्ही पालथी घातली.

"बघा," वर्गशिक्षिका म्हणाल्या.

मी तोंड उघडलं. आईने टेबलाखालून माझं मनगट आवळलं.

मुख्याध्यापिकांनी स्वतः ते चित्र उलटलं. "हे काय गं?"

"जाम."

"आणि या कार्डावर?"

"पेरू."

"मग लावली का नाहीस जोडी?"

"जाम झाडाले लागते. पेरते तर तूर."

पेन थांबलं. दारातला शिपाई हसला, मग त्याने खोकल्याचं सोंग केलं. मुख्याध्यापिका हसल्या नाहीत. त्यांनी अर्ज मागितला. आईने घडी उलगडून तो दिला. त्यांनी कागद उलटा केला आणि मागे लिहिलं: "वाचन येते. अर्थ शिकवावा." खाली सही.

अर्थ शिकवावा! म्हणजे कमी अजून तिच्यातच. माझ्या घशाशी सगळं पत्रक आलं होतं. पण आईने विचारलं, "म्हणजे नाव राहिलं?"

"राहिलं," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

आईने पदराने तोंड पुसलं आणि निघाली. दुसऱ्या घरची पोळ्यांची वेळ झाली होती. वर्गशिक्षिका मुलीला वर्गात घेऊन गेल्या. मी व्हरांड्यातून पाहत उभी राहिले. बाईंनी तिला सगळ्यात मागचा बाक दाखवला. ती गेली, बसली आणि दप्तर उघडून पुस्तक काढलं.