मुका पडलेला सिलिंडर

पत्नी गेल्यापासून मी हरिहरेश्वराची पायरी चढलो नव्हतो. बाळंतपणात अडली म्हणून तिला बैलगाडीतून म्हसळ्याला नेत होतो, वाटेतच सारं संपलं. देवाशी मी भांडलो नाही, बोलणंच सोडलं. पुढे मुंबईत ड्रायव्हरकी करून एक जुनी मोटार घेतली आणि दिवेआगरहून भाडी मारू लागलो. मैलांचा आकडा एकदा पुरा फिरून पुन्हा शून्यापासून निघालेली गाडी होती ती. तिचं प्रत्येक दुखणं मलाच कळतं, असा ताठा माझ्या अंगात होता.

एका दुपारी शेजारच्या काशीवहिनी धावत आल्या. त्यांची सून सुलभा आदल्या दिवसापासून अडली होती आणि सुईणीने हात टेकले होते. दोघींना गाडीत घालून मी म्हसळ्याकडे निघालो. बोर्लीच्या पुढे चढावर इंजिन मिस मारू लागलं, ठोके चुकवू लागलं. गचके देत देत गाडी अर्ध्यावर थांबली.

कार्बोरेटरात कचरा असणार, अशी माझी खात्री. उघडला, साफ केला. तेच. ठिणगी पाडणारे प्लग घासले, पॉइंट घासले. तेच. पुन्हा कार्बोरेटर उघडला. मागे सुलभा कण्हत होती.

"भावजी, होईल ना हो चालू?" काशीवहिनींनी विचारलं.

पाना हातातून निसटून पडला. तो उचलायचंही बळ उरलं नाही. डोळे मिटले आणि कित्येक वर्षांनी तोंडून निघालं, "देवा, मला आता काही कळत नाही."

डोळे उघडले तेव्हा एक म्हातारे मुसलमान गृहस्थ काठी टेकत चढ उतरत होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. थांबून म्हणाले, "भाऊ, जन्म आगबोटीच्या इंजिनखोलीत गेला माझा. जरा चालू करा, न् हात लावू नका."

मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे इंजिन चालू केलं. त्यांनी कान दिला. "टकटक येतेय बघा. वीज बाहेर उडतेय. प्लगची एकेक वायर काढून बघा."

पहिली काढली, इंजिन आणखी लंगडलं. ती परत लावून दुसरी काढली, तसंच. तिसरी काढली, तर आवाजात काहीच फरक नाही. म्हणजे तो सिलिंडर आधीपासूनच मुका होता. लोखंडाला घासून त्या वायरचं आवरण चिरलं होतं. प्लग मी दोनदा पाहिले, वायर एकदाही पाहिली नव्हती. इंजिन बंद करून पंक्चरच्या सामानातला रबराचा तुकडा चिरेवर गुंडाळला, वायर काथ्याने बाजूला बांधली. पुन्हा चालू केलं, तर चारही सिलिंडर एकसुरात.

"निघा आता. अल्ला मालिक हाय," ते म्हणाले.

संध्याकाळी म्हसळ्याच्या दवाखान्यात सुलभाला मुलगी झाली. दोघीही सुखरूप.

तिसऱ्या दिवशी बोर्लीत विचारत विचारत त्या म्हाताऱ्या गृहस्थांचं घर शोधलं आणि पाया पडायला वाकलो. त्यांनी मला धरलं. "आवाज मी ऐकला, पण तुम्ही माझं ऐकलंत. तुमची हिंमत शाबूत असती, तर आंधळ्या म्हाताऱ्याला गाडीजवळ उभं केलं असतंत?"

नसतं केलं. हे कबूल करताना मला रडू आलं. चमत्कार झाला असं मी कुणाला सांगत नाही. वायर चिरली होती, ती सापडली. पण आपलं शहाणपण संपतं तिथे कुणीतरी उभं असतं, एवढं त्या चढावर कळलं. माझा ताठा वेळेवर मोडला, यासाठी मी देवाला रोज हात जोडतो.